पिवळ्या धातूच्या पाटल्या

कुमुदच्या हातातल्या पाटल्या निघत नव्हत्या. आवळे सिस्टरने आधी साबण लावला, मग खोबरेल तेल लावलं, मग पुन्हा साबण. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात सकाळचे दहा वाजले होते आणि अकराला कुमुदची अँजिओग्राफी ठरली होती. मनगटातून तार घालायची होती, म्हणून हात मोकळे हवे होते. उजव्या हातातली पाटली एकदाची सुटली तेव्हा तिच्याखाली लाल चट्टा दिसला, जुना, खाजवून खाजवून जाड झालेला. सिस्टरने तो पाहिला, पण आधी रजिस्टर उघडून दागिन्यांची यादी लिहायला घेतली. मंगळसूत्र एक, पिवळ्या धातूचं. कुड्यांचा जोड एक, पिवळ्या धातूचा. पाटल्या दोन, पिवळ्या धातूच्या.

मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. पिवळा धातू म्हणजे काय, असं मी तिला विचारलं.

"काका, आमच्यात सगळ्यांचं असंच लिहितात," ती म्हणाली. "खरं-खोटं आम्हाला कुठं कळतंय? उद्या भांडण नको."

मला कळतं, असं मी तिला सांगितलं. विट्यात आमची पेढी आहे, वडिलांच्या वेळेपासूनची, आणि पोतदार सराफाच्या बायकोच्या पाटल्यांना कुणी पिवळा धातू म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही, असंही सांगितलं. सिस्टरची बहुधा रात्रपाळी होऊन वर दिवसपाळी चालू होती. तिने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, मग तुम्हीच लिहा आणि खाली सही करा. मी तिन्हींच्या पुढचा पिवळा धातू खोडला आणि पाटल्यांपुढे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, सोन्याच्या, बावीस कॅरेट, वजन साडेचार तोळे.

मग तिने दुसरा कागद काढला. दमा आहे का, नाही. शुगर आहे का, आहे, नऊ वर्षं झाली. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, नाही. शेवटचा प्रश्न विचारताना तिने पुन्हा कुमुदच्या मनगटाकडे पाहिलं. नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगाला खाज सुटते का?

मला हसू आलं. आमचा मुलगा जयदीप पुण्याहून रजा काढून आला होता, तोही हसला.

"अहो सिस्टर," मी म्हणालो, "सोनाराच्या घरात नकली दागिना औषधालासुद्धा सापडायचा नाही."

सिस्टरने कुमुदकडे पाहिलं. कुमुदने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "नाही हो. पाटलीखाली साबण राहतो ना, त्यानं उठतं."

सिस्टरने 'नाही'वर खूण केली.

साबण राहतो, हे वाक्य माझं होतं. सतरा वर्षं मी कुमुदला तेच सांगत आलो होतो.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. पेढी बंद झाली, कुमुदही राहिली नाही, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. पाटल्या पितळेच्या होत्या.

खऱ्या पाटल्या माझ्या वडिलांनी घडवलेल्या होत्या. तशाच दुसऱ्या दोन त्यांनी लेंगऱ्याच्या बाबर पाटलीणबाईंसाठी घडवल्या होत्या, त्याच ठशातून. पाटलीणबाईंनी नातीच्या लग्नाआधी त्या माझ्याकडे पॉलिशला दिल्या. मी त्या नेहमीच्या पॉलिशवाल्याकडे पाठवल्या आणि तो माणूस त्या घेऊन जो गेला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. लग्न आठ दिवसांवर होतं. पोलिसांत जावं तर गावभर होणार, की पोतदाराकडे दिलेला दागिना परत मिळत नाही. कुमुद तेव्हा जतला माहेरी टायफॉइडने पडली होती आणि हात वाळले म्हणून पाटल्या कपाटात ठेवून गेली होती. मी कपाट उघडलं. पाटलीणबाईंना आपल्या पाटल्या मिळाल्या, उलट पॉलिश झकास झालं म्हणून त्यांनी मला पेढ्यांचा पुडा पाठवला.

कुमुद परत येईपर्यंत मी पितळेच्या पाटल्या केल्या. खऱ्या पाटल्या पोकळ होत्या, तरी पितळ हलकं, म्हणून वजन जुळवायला आत शिसं भरलं. पितळेवर सोन्याचं पाणी नीट बसत नाही, म्हणून मध्ये निकेलचा थर दिला. काम इतकं साफ उतरलं की मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, हेसुद्धा लपवत नाही.

वर्षाच्या आत तिच्या हाताला खाज सुटली. सोन्याचं पाणी झिजलं की खालचं निकेल कातड्याला लागतं आणि काही बायकांना ते सोसत नाही, हे आमच्या धंद्यातला शेंबडा पोरही सांगेल. मी तिला साबणाचं सांगितलं. मग दर दिवाळीआधी पाटल्या पॉलिशला म्हणून पेढीवर न्यायच्या, रविवारी दार लावून त्यांना पुन्हा पाणी द्यायचं आणि धनत्रयोदशीला तिच्या हातात घालायच्या. चार महिने हात बरा राहायचा. खऱ्या करून द्याव्यात असं दर वर्षी मनात यायचं. पहिली काही वर्षं जमलं नाही, आणि जमण्यासारखं झालं तोवर सवय झाली होती.

तर हृदयाची एक नस नव्वद टक्के बंद निघाली. मनगटावर चट्टे म्हणून डॉ. मगदुमांनी जांघेतून तार घालून तिथे स्प्रिंग बसवली. ते स्टेंट म्हणायचे, आम्ही घरी सगळे स्प्रिंगच म्हणायचो. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना सिस्टरने दागिन्यांची पिशवी दिली आणि मी स्वतः कुमुदच्या हातात पाटल्या घातल्या.

तीन आठवड्यांनी तिच्या पोटावर आणि पाठीवर गांधी उठल्या. दोन दिवस आम्ही आमसुलाचं पाणी लावलं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसताना तिच्या छातीत कळ आली आणि तिने ताट बाजूला सरकवलं. जयदीप पुण्याहून थेट मिरजेला येऊन पोचला. कुमुदला अतिदक्षता विभागात घेतलं. योगायोगाने पुन्हा आवळे सिस्टरच होती. तिने आम्हाला ओळखलं, या वेळी पाटल्या पटकन निघाल्या, आणि मी काही बोलायच्या आत तिने आपणहून रजिस्टरमध्ये लिहिलं, सोन्याच्या.

"बरोबर ना काका?" ती म्हणाली.

मी सही केली.

डॉ. मगदुमांनी पुन्हा तार घालून पाहिलं. त्यांना वाटलं, रक्त पातळ करायच्या गोळीने गांधी उठल्या असतील, म्हणून गोळी बदलली. गांधी कमी झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कळ आली. तेव्हा डॉक्टरांनी मला आणि जयदीपला बाहेरच्या बाकाशी बोलावून घेतलं. माणूस तरुण होता, पण त्या दिवशी त्याचेही डोळे ओढलेले दिसत होते.

ते म्हणाले, स्प्रिंग उघडी आहे, बसवण्यात चूक नाही. पण तिच्या दोन्ही टोकांना नस आवळून येते आहे आणि आत बारीक गुठळी धरायला लागली आहे. असं हजारांत एखाद्याला होतं, मी स्वतः फक्त एकदा पाहिलंय. शरीर त्या धातूवर चिडतं. स्प्रिंगच्या धातूत थोडं निकेल असतं. तसं असेल तर स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं लगेच सुरू करावी लागतील. पण त्यांची शुगर आधीच तीनशे आहे, स्टिरॉइडने ती भडकेल, आणि माझा अंदाज चुकीचा असला तर नसत्या संकटात टाकल्यासारखं होईल. म्हणून नक्की सांगा, धातूचा त्रास त्यांना आधी कधी झाला होता का?

"नाही डॉक्टर," जयदीप म्हणाला. "आईनं आयुष्यात कधी नकली घातलंच नाही. हो ना आण्णा?"

मी म्हणालो, तिला विचारून सांगतो.

डॉक्टर म्हणाले, त्यांना फार बोलायला लावू नका, मी खाली एक पेशंट बघून अर्ध्या तासात येतो, मग ठरवू. ते गेले. जयदीप आईजवळ काचेपाशी जाऊन उभा राहिला. मी जिना उतरून रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यावर गेलो.

तिथे मी दोन चहा घेतले. पहिला घेताना मला वाटलं की डॉक्टर चुकत असतील, गोळीचाच परिणाम असेल, आजचा दिवस गेला की उतरेल. दुसरा घेताना वाटलं की जयदीपला चुकवून डॉक्टरांना एकट्याला गाठता येईल का, आणि गाठलं तर पाटल्यांचं न सांगता नुसतं खाजेचं सांगता येईल का. म्हणजे बायको वर त्या अवस्थेत, आणि मी खाली शब्द जुळवत बसलेलो. शिसं भरून वजन जुळवलं होतं तसंच.

जयदीपचा फोन आला. "आण्णा, कुठं आहात? तिला परत दुखायला लागलंय."

जिना चढताना मला दम लागला. डॉक्टर आधीच पोचले होते, दाराशी उभे राहून सिस्टरला काहीतरी सांगत होते. जयदीप शेजारीच होता. त्याला बाजूला व्हायला सांगावं असं एकदा मनात आलं, पण तेवढाही वेळ घालवायचं धाडस आता झालं नाही.

"तिच्या पाटल्या पितळेच्या आहेत," मी म्हणालो. "वर निकेल आहे. तिला सतरा वर्षं त्याची खाज आहे. मला माहीत होतं."

मला वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. डॉक्टरांनी फक्त विचारलं, "चट्टे फक्त पाटलीच्या जागी, की आणखी कुठं?"

"पाटलीच्याच जागी. पाटल्या काढून ठेवल्या की जातात."

"फोड यायचे? पाणी सुटायचं?"

"उन्हाळ्यात."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले आणि सिस्टरकडे वळून इंजेक्शनांची नावं सांगू लागले. माझ्या सतरा वर्षांच्या लपवाछपवीला त्यांच्याकडे एवढाच वेळ होता.

जयदीप बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. मला वाटलं, हा आता विचारेल, का केलंत, कसं केलंत, आणि मी बाबर पाटलीणबाईंची सगळी हकिकत मनात लावून ठेवली. त्याने ती विचारलीच नाही.

"त्या दिवशी सिस्टरनं विचारलं तेव्हा मीपण हसलो होतो, आण्णा," तो म्हणाला. मग उठून काचेपाशी गेला.

त्या रात्री कुमुदची शुगर साडेचारशेवर गेली. इन्सुलिन लावलं. दुसरा दिवस तसाच गेला, ना इकडे ना तिकडे. बाकावर बसून माझी पाठ धरली होती, पण उठून कुठे जायचं तेही कळत नव्हतं. संध्याकाळी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली की गांधी बसायला लागल्यात आणि दुपारपासून मावशींना कळ आलेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाच मिनिटं आत सोडलं.

कुमुदचा चेहरा सुजला होता, ओठ कोरडे पडले होते. दोन्ही मनगटं चादरीवर उघडी होती. लग्नानंतर तिचे हात असे मोकळे मी क्वचितच पाहिले असतील. मी स्टूल ओढून बसलो आणि प्रस्तावना न करता म्हणालो, तुला एक सांगायचंय, पाटल्यांबद्दल.

"सांगितलंत ना डॉक्टरांना?" ती म्हणाली. "सिस्टर काल विचारत होती, मावशी, कितवं वर्ष खाजेचं म्हणून. तेव्हाच कळलं मला."

"अगं, त्या सोन्याच्या नाहीत."

"माहीत आहे मला."

तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं. तिने थांबत थांबत सांगितलं. जयदीपला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी फीची जुळवाजुळव करत होतो. मला न सांगता मदत करावी म्हणून ती सांगलीला एकटी एका सराफाकडे पाटल्या घेऊन गेली. त्याने एका कडेला कानस मारली, कसोटीवर घासलं, आणि पाटल्या रुमालात गुंडाळून परत दिल्या. वर विचारलं, ताई, तुमच्याकडचे कोण सराफ? तिने मिरजेच्या कुठल्याशा पेढीचं खोटंच नाव सांगितलं.

म्हणजे बारा वर्षं तिला माहीत होतं. बारा दिवाळ्या तिने पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या होत्या आणि बारा धनत्रयोदशींना हात पुढे केला होता. जे सुचलं तेच मी विचारलं.

"मग त्या दिवशी सिस्टरनं विचारलं, तेव्हा का नाही बोललीस? तुला तर माहीत होतं."

"तुम्ही उभे होतात ना तिथं," ती म्हणाली. "आत्ताच रजिस्टरात लिहून झालं होतं तुमचं. आणि जयदीप होता."

"अगं, पण तुझ्या जिवावर बेतलं."

"मला काय ठाऊक, आत तेच लोखंड घालणार आहेत म्हणून? मला वाटलं, असेच विचारतात." तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मी कंटाळले होते हो. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघून बघून कंटाळले. मग वाट बघायचीही सोडून दिली. आता हात हलके झालेत तर बरं वाटतंय."

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. मी तिच्या मनगटावर हात ठेवायला गेलो, पण तिथे चट्टा होता, म्हणून कोपराजवळ ठेवला. पाच मिनिटं संपली म्हणून सिस्टरने मला बाहेर काढलं.

कुमुद त्यानंतर अकरा वर्षं जगली. ती स्प्रिंग आतच राहिली, गोळ्या चालू राहिल्या, आणि गेली ती वेगळ्याच दुखण्याने, दोन वर्षांपूर्वी. त्या अकरा वर्षांत मी दोनदा खऱ्या पाटल्या घडवायला घेतल्या. दोन्ही वेळेला तिने सांगितलं, नको. काचेच्या बांगड्या घालायची, त्याही सणापुरत्या. त्यावर आमचं कधी भांडण झालं नाही. माझी मात्र फार इच्छा होती की व्हावं.

पण मला सांगायचं होतं ते घरी सोडलं त्या दिवसाचं. दहा दिवसांनी सोडलं. जयदीप गाडी आणायला खाली गेला होता. कुमुद चाकाच्या खुर्चीत बसली होती. आवळे सिस्टरने कपाटातून दागिन्यांची पिशवी काढली आणि रजिस्टर पुढे केलं, मिळाल्याची सही करा म्हणून. पानावर तिच्याच हातचं लिहिलेलं होतं, पाटल्या दोन, सोन्याच्या.

मी तिच्याकडे पेन मागितलं आणि 'सोन्याच्या' खोडलं.

"असू दे की काका," ती हळूच म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. "आता घरीच न्यायच्यात. कोण बघतंय?"

मागचं पान काढा, असं मी तिला सांगितलं. पहिल्या वेळचं. तिने चार-पाच पानं मागे उलटली. तिथे माझं ते वळणदार अक्षर होतं, बावीस कॅरेट, साडेचार तोळे. तेही खोडलं. मग त्याखाली रिकाम्या जागेत लिहिलं, पाटल्या दोन, पितळेच्या, आत शिसं, वर निकेल, त्यावर सोन्याचं पाणी. घडवणार मनोहर दत्तात्रय पोतदार, सराफ, विटा. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

कुमुदने खुर्चीतूनच रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. चष्मा तिच्या पिशवीत होता, म्हणून तिने पान जवळ धरून, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. पूर्ण वाचून होईपर्यंत मी तसाच उभा होतो. मग तिने रजिस्टर माझ्याकडे परत दिलं.

"खाली सही राहिली तुमची," ती म्हणाली.

मी सही केली.